हिप्परग्याचे मुख्याध्यापक

जून उजाडला की लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांच्या बसस्थानकांवर एक ठरलेले दृश्य दिसते. लोखंडी पेटी, गादीची वळकटी, प्लास्टिकची बादली आणि शेजारी काहीसे बावरलेले वडील. किनवट, मुखेड, अहमदपूर, निलंगा अशा गावोगावची मुले दोन वर्षांसाठी घर सोडून येथे येतात. वसतिगृह, शिकवणी आणि सराव परीक्षा या तीन खुंट्यांना त्यांचा दिवस बांधलेला असतो. त्यांच्यापैकी जे पुढे याच भागात पदवी घेतात, त्यांच्या प्रमाणपत्रावर स्वामी रामानंद तीर्थ हे नाव छापलेले असते. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. अंबाजोगाईचे शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही त्यांच्याच नावाचे आहे. रोजच्या बोलण्यात मात्र या नावाचा संक्षेप होऊन गेला आहे. अंबाजोगाईकडील माणूस रुग्णाला ‘स्वाराती’त दाखल केले असे सहज सांगतो. ती अक्षरे कोणाची, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही.

ज्यांना ठाऊक असते, त्यांच्या डोळ्यांपुढेही बहुधा भगवी वस्त्रे ल्यालेला, निजामाच्या तुरुंगात वारंवार गेलेला सेनापती उभा राहतो. दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, भाषणांतून भेटणारे स्वामीजी हेच. हे चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे. हैदराबाद संस्थानात ते राजकारणासाठी आले नव्हते. ते एका आडगावातील निवासी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून आले आणि सुमारे नऊ वर्षे मास्तरकीच करीत राहिले. पुढे जे घडले त्याची मुळे या नऊ वर्षांत आहेत.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, आजच्या कर्नाटकातील. घरची स्थिती बेताचीच. शिक्षणासाठी ते सोलापूरला आले आणि तेथेच त्यांच्या आयुष्याला पहिले वळण मिळाले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. त्या धक्क्याने हेलावलेल्या या सोळा वर्षांच्या मुलाने अविवाहित राहून देशकार्य करण्याचा निश्चय केला. अशा प्रतिज्ञा त्या काळी पुष्कळांनी केल्या आणि संसाराला लागताच पुष्कळांनी त्या गुंडाळूनही ठेवल्या. खेडगीकरांनी ती पाळली, एवढाच फरक.

असहकाराच्या हाकेसरशी त्यांनी सरकारी शाळा सोडली. मग राष्ट्रीय शिक्षणाच्या वाटेने अमळनेर आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ असा प्रवास झाला. सरकारमान्य पदवीवर पाणी सोडणे म्हणजे नोकरीच्या दारांवर पाणी सोडणे होते, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. विशीतच त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले, मुंबईतील कामगार चळवळ जवळून पाहिली. तेथेच राहिले असते तर कदाचित मोठे कामगार पुढारी म्हणून त्यांचे नाव झाले असते. पण प्रकृतीने दगा दिला. दीर्घ आजारातून उठल्यावर, १९२९ मध्ये, ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या गावी आले. आज हे गाव धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात मोडते.

हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी या दोघांच्या पुढाकारातून ती उभी राहिली. खेड्यात निवासी शाळा काढणे यात आज विशेष काही वाटणार नाही. परंतु ही शाळा हैदराबाद संस्थानात होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्यांची संख्या प्रचंड होती. मराठवाड्याचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे तर मराठी मुलूखच. पण दरबाराची आणि कचेरीची भाषा उर्दू होती, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले जाई. एका भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. वैद्यक आणि अभियांत्रिकीची पुस्तकेसुद्धा तेथे उर्दूत आणली गेली. मात्र ती भाषा बहुसंख्य प्रजेच्या घरातली नव्हती. उदगीरच्या किंवा देगलूरच्या मुलाला कॉलेजात जायचे तर आधी परक्या लिपीचा डोंगर चढावा लागे. बहुतेकांवर ती वेळही येत नसे, कारण त्या काळी संस्थानात शंभरात दहा माणसांनाही अक्षरओळख नव्हती.

मग गावकऱ्यांनी आपल्या भाषेची शाळा आपणच काढावी, तर तिलाही परवानगीचे कुलूप होते. सभा घ्यायची, व्याख्यान ठेवायचे, तरी आधी सरकारदरबारी अर्ज. गश्ती निशाण ५३ हे या निर्बंधाचे नाव जुन्या पिढीच्या तोंडी अखेरपर्यंत होते. गश्ती म्हणजे परिपत्रक. वाचनालय, गणेशोत्सव, व्यायामशाळा, सगळ्यांकडे संशयाने पाहिले जाई. अशा मुलखात मराठीतून शिकवणारी, सरकारी अनुदानाच्या ओंजळीने पाणी न पिणारी शाळा चालवणे हेच एक राजकीय कृत्य ठरत होते, चालवणाऱ्याची इच्छा असो वा नसो.

राष्ट्रीय शाळांची ही परंपरा महाराष्ट्राला नवी नव्हती. विष्णु गोविंद विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये बंद पाडले होते. परकी सत्ता, मागे पडलेली मातृभाषा आणि तिच्यासाठी काढलेली निवासी शाळा हा प्रकार केवळ आपल्याकडचाही नव्हता. आयर्लंडमध्ये पॅट्रिक पिअर्स या शिक्षकाने १९०८ मध्ये डब्लिनमध्ये सेंट एन्डा नावाची निवासी शाळा काढली. इंग्रजीबरोबर आयरिश भाषेतून शिकवणे, मुलांना आपल्या पुराणकथा आणि खेळ परत देणे हा तिचा हेतू. १९१६ च्या ईस्टर उठावाचे नेतृत्व याच मुख्याध्यापकाने केले आणि ३ मे १९१६ रोजी ब्रिटिशांनी त्याला गोळ्या घातल्या. शाळेचे अनेक माजी विद्यार्थी त्या उठावात होते. पुढे त्याच्या आईने आणि बहिणींनी १९३५ पर्यंत ती शाळा कशीबशी चालवली. हिप्परगा आणि डब्लिन यांचा एकमेकांशी काही संबंध असल्याचे सुचवायचे नाही. मास्तराच्या हातून खडू सुटून निशाण का येते, हे समजायला मात्र ती हकीगत उपयोगी पडते.

हिप्परग्याच्या शाळेची मातब्बरी तिच्या इमारतीत नव्हती. गुरुकुलाच्या धर्तीवर शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहत, हे तिचे वैशिष्ट्य. शिक्षकांचे वेतन म्हणजे निर्वाहापुरती रक्कम. दिवसाच्या शाळेत मुलगा मास्तरांचे शिकवणे पाहतो. निवासी शाळेत तो मास्तरांचे जगणे पाहतो. ताट कोण घासते, आजारी मुलाजवळ रात्री कोण बसते, पैसे संपले की आधी कोणाच्या ताटातले कमी होते, हे सारे चोवीस तास मुलांच्या नजरेसमोर असते. तेथे ढोंग फार काळ टिकत नाही. खेडगीकर गुरुजींचा प्रभाव मुलांवर पडला तो बहुधा यामुळेच. व्यासंग दांडगा, राहणी फकिराची, आणि पोटतिडीक अशी की आजारातून सावरलेल्या शरीराची फिकीरच नाही.

याच गावात, १९३२ साली, त्यांनी संन्यास घेतला. व्यंकटेश खेडगीकर हे नाव संपले आणि दशनामी परंपरेतील तीर्थ हे पद लागलेले स्वामी रामानंद तीर्थ उभे राहिले. संन्यास म्हणजे व्यवहारातून निवृत्ती, असा आपला समज. येथे उलटेच घडले. दीक्षा घेतलेला हा यती कोठे गिरीकंदरात गेला नाही. तो पुन्हा आपल्या वर्गात परतला आणि शाळेचा कारभार पाहू लागला. मराठवाड्याच्या चळवळीचा पुढचा इतिहास पाहता या भगव्या वस्त्रांचा फायदा झाला असेल. सामान्य माणसाचा विश्वास त्यांनी चटकन मिळवला. तसेच त्या वस्त्रांमुळे गैरसमजही झाले, त्याविषयी पुढे येईलच.

१९३५ मध्ये स्वामीजी आणि त्यांचे सहकारी मोमिनाबादला आले. मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई. मुकुंदराज आणि दासोपंतांचे हे गाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तीर्थासारखे. सरकारी दप्तरात मात्र त्याचे नाव बदललेले होते आणि लौकिक घोडदळाच्या छावणीचा होता. देवी योगेश्वरीच्या नावाने तेथे १९१७ पासून शाळा चालू होती. तिला स्वामीजींच्या रूपाने मुख्याध्यापक मिळाला आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे हिप्परग्यातले सहकारीही तिच्या कामात आले. सहकाऱ्यांनी गाव बदलून मुख्याध्यापकाबरोबर यावे, पगारवाढीचा प्रश्नच नसताना यावे, याहून वेगळे प्रशस्तिपत्र कोणत्या शिक्षकाला हवे असते? योगेश्वरीचे विद्यार्थी पुढे मुक्तिसंग्रामात मोठ्या संख्येने उतरले. मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत ही शाळा वारंवार येते.

आणि मग १९३८ साल आले.

आदल्या वर्षी, १९३७ मध्ये, परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते. मराठवाड्याने राजकीय स्वरूपाच्या मागण्यांसाठी एकत्र येण्याची ती सुरुवात. दुसरे अधिवेशन १९३८ मध्ये लातूरला झाले. परिषदेच्या कामात स्वामीजी ओढले गेले ते याच सुमारास. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होऊ घातली होती. ती नीट उभी राहण्याआधीच सप्टेंबर १९३८ मध्ये निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. उत्तर म्हणून सत्याग्रह ठरला. आता स्वामीजींपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो या चरित्रातला सर्वांत कठीण प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

शाळा सोडायची की नाही? मुख्याध्यापक सत्याग्रहात उतरला तर सरकारची वक्रदृष्टी शाळेवर पडणार, हे उघड होते. दहा-पंधरा वर्षांच्या कष्टाने मराठी शिक्षणाचे जे एक-दोन दिवे लागले होते ते विझण्याचा धोका होता. दुसरीकडे, मुलांना स्वाभिमानाचे धडे द्यायचे आणि प्रत्यक्ष वेळ येताच आपण हजेरीपटाआड बसायचे, हे निवासी शाळेतल्या गुरूला परवडणारे नव्हते. तेथे मुले सगळे पाहत असतात. स्वामीजींनी शाळा सोडली. संस्था मागे ठेवली आणि स्वतः ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह करून तुरुंगात गेले. मुलांना बरोबर ओढण्याऐवजी आधी स्वतःला बाजूला काढण्यात त्यांचा मास्तर जागा होता. पुढे मुले आलीच, पण तो त्यांचा निर्णय होता.

त्याच हिवाळ्यात औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले. उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. पुढे पंतप्रधान झालेले राव स्वामीजींना अखेरपर्यंत गुरुस्थानी मानत.

भगव्या वस्त्रांमुळे झालेल्या गैरसमजाचा उल्लेख वर आला आहे, तो प्रसंग याच काळातला. स्टेट काँग्रेसच्या जोडीने आर्य समाज आणि हिंदू महासभेचेही सत्याग्रह चालू झाले होते. त्यामुळे हा लढा मुसलमान राजाविरुद्ध हिंदू प्रजेचा आहे, असे भासवणे दरबाराला सोपे जाऊ लागले. गांधीजींच्या सल्ल्यानुसार स्टेट काँग्रेसने डिसेंबर १९३८ मध्ये आपला सत्याग्रह स्थगित केला. तुरुंगात खितपत पडलेल्या कार्यकर्त्यांना तो निर्णय पचवणे जड गेले असणार. तथापि लढा राजवटीविरुद्ध आहे, धर्माविरुद्ध नाही, ही भूमिका स्वामीजींनी पुढची दहा वर्षे सोडली नाही. अंगावर संन्याशाची वस्त्रे असताना हे सांगत राहणे सोपे नव्हते. रझाकारांच्या अत्याचारांनी गावेच्या गावे होरपळत असतानाच्या दिवसांत तर ते फारच अवघड होते.

पुढचा इतिहास शालेय पुस्तकांतही आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह आणि पुन्हा कारावास. १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली आणि स्वामीजी अध्यक्ष झाले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात विलीन व्हा, या मागणीचा दिवस संस्थानभर पाळला गेला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र होत असताना हैदराबाद शहरात तिरंगा फडकावल्याबद्दल त्यांना अटक झाली. नोव्हेंबरअखेर जैसे थे करार झाल्यावर सुटका आणि २६ जानेवारी १९४८ रोजी पुन्हा अटक. ते आत असताना बाहेरचा लढा दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आदींनी सांभाळला. उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून मराठवाड्यातले तरुण लढत होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी तुरुंगाबाहेर आले ते एका मुक्त मुलखात.

मुक्तीनंतरचे स्वामीजी आपण फारसे आठवत नाही, कारण त्या कथेत विजयाची दुंदुभी नाही. स्टेट काँग्रेसमधले जुने गट आता सत्तेच्या वाटणीवरून अधिकच कडवे झाले. १९५२ मध्ये हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्रिपद गेले ते विरुद्ध गटाचे बुर्गुल रामकृष्ण राव यांच्याकडे. स्वामीजी त्या वर्षी गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून गेले. गंमत अशी की हिप्परग्यातले त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे याच पहिल्या लोकसभेत बीडमधून निवडून आले, पण काँग्रेसच्या विरोधातल्या डाव्या आघाडीकडून. एका पाकशाळेत जेवलेले दोन मास्तर संसदेत समोरासमोरच्या बाकांवर. हैदराबाद राज्य अखंड ठेवावे याकडे पंडित नेहरूंचा कल होता; स्वामीजींनी मात्र त्याच्या भाषावार विभाजनाचा आग्रह धरला. मातृभाषेच्या शाळेसाठी उमेदीची वर्षे दिलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा करता आली नसती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य विसर्जित झाले आणि मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला. ज्या राज्याचे ते सर्वमान्य नेते होते, ते राज्यच नकाशावरून पुसण्यात त्यांनी हातभार लावला. त्यानंतर तीन भाषांच्या तीन राज्यांत विखुरलेल्या या नेत्याला स्वतःचा असा राजकीय प्रदेश उरला नाही.

शिक्षण मात्र सुटले नाही. मुक्तीच्या वेळी मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय औरंगाबादपुरती आणि तीही तुटपुंजी होती. १९५० साली दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेले मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि नांदेडमध्ये स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली नांदेड एज्युकेशन सोसायटी उभी राहून पीपल्स कॉलेज निघाले. नांदेडच्या परिसरातल्या शेतकऱ्याच्या मुलाला पदवीसाठी हैदराबादची गाडी पकडण्याची गरज त्या कॉलेजने संपवली. नरहर कुरुंदकरांनी पुढे येथेच अध्यापन केले आणि ते प्राचार्यही झाले. निजामी राजवटीची आणि मुक्तिसंग्रामाची परखड चिकित्सा मराठीत ज्यांनी केली, त्या कुरुंदकरांना स्वामीजींनी उभारलेल्या संस्थेचे छप्पर मिळावे, हा योग मोठा सुंदर आहे.

आयुष्याच्या उत्तरार्धात स्वामीजी हैदराबादलाच राहिले. १९६७ मध्ये हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणींचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी हैदराबादच्या बेगमपेठ भागात आहे. मराठवाड्यातून तेथे कामानिमित्त जाणारे हजारो लोक त्या रस्त्यावरून जात असतील, पण थांबणारे थोडेच.

नांदेडचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिदिनीच, स्थापन झाले. नांदेडहून लातूरकडे निघालेल्या बसमधून विष्णुपुरीजवळ त्याचे विस्तीर्ण आवार दिसते. लातूरलाही त्याचे उपकेंद्र आहे. त्याची हद्द आज चार जिल्ह्यांची आहे. बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे औरंगाबादच्या विद्यापीठाकडेच राहिले. त्यामुळे अंबाजोगाई आणि हिप्परगा, जेथे स्वामीजींनी प्रत्यक्ष वर्गात उभे राहून शिकवले ती दोन्ही गावे, त्यांच्या नावाच्या विद्यापीठाच्या हद्दीबाहेर आहेत.